पहिल्या हाकेला

“उचल तिचं बोचकं आन् ने तुझ्या बहिणीला. मी काय तिला दाव्याला बांधून ठेवलेली न्हाई,” दाजी म्हणाले आणि माझ्याकडे न बघता बंदुकीची नळी चिंधीनं पुसत राहिले.

आदल्या संध्याकाळी मी घाट चढणाऱ्या शेवटच्या एसटीनं अक्काच्या सासरी आलो होतो. तळीवाडी म्हणजे घाटमाथ्याचं अगदी टोक. गावामागं रान, रान संपलं की कडा आणि कड्याखाली कोकण. आम्ही उसाच्या पट्ट्यातली माणसं, जिकडं बघावं तिकडं सपाट. लग्न ठरलं तेव्हा आमचे वडील म्हणाले होते, “जावई बोलत न्हाई, पर माणूस सरळ हाय.” त्यातलं पहिलं खरं निघालं होतं. दुसऱ्याबद्दल त्या सकाळी मला शंका होती.

भांडण बंदुकीवरून होतं. आदल्या वर्षीच्या पारधीत शेजारच्या माणसाच्या हातात ठासणीची बंदूक फुटली आणि त्याचा डोळा गेला. तेव्हापासून अक्कानं धोशा लावला होता की घरातली बंदूक ठाण्यात जमा करा. दाजी म्हणायचे, भातात डुकरं शिरतात त्यांना काय ओवाळू? शब्दानं शब्द वाढत गेला, आणि एके दिवशी दाजी “जायचं तर जा” असं बोलून बसले. अक्कानं माहेरी निरोप धाडला. मी आलो तेव्हा तिचं बोचकं दाराशी बांधून तयार होतं.

“दाजी, मी भांडाय आलो न्हाई.”

“मग?”

“समजूत घालाय आलोय.”

“कुणाची?”

याचा विचार मी केलेला नव्हता. मी बाविशीत होतो आणि समजूत घालायची म्हणजे काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात अक्का दारात आली. नवऱ्याकडं पाठ करून मला म्हणाली, “जोत्या, पारधीला जायचं तर जा. पर दुपारच्या गाडीला परत ये, आपल्याला निघायचं हाय.” मग भिंतीला सांगावं तसं म्हणाली, “आभाळ आज बरं दिसत न्हाई. कुणी कड्याच्या अंगाला जाऊ नये.”

दाजींनी ऐकलं. त्यांनी ऐकावं म्हणूनच ती बोलली होती. त्या दोघांचं बोलणं तेव्हा असं भिंतीमार्फत चालायचं.

तसंही अक्का दाजींचं नाव कधी घेत नसे. त्या गावात कुठलीच बायको नवऱ्याचं नाव घेत नव्हती, पण अक्काचं जरा जास्तच होतं. मतदार यादीवाला दारात आला आणि त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर हिनं पदर तोंडाला लावून शेजारणीला बोलावून आणलं आणि तिच्याकडून सांगवलं. हळदीकुंकवाला बायकांनी अडवून धरलं की एखादा उखाणा घ्यायची तेवढंच. एरवी दाजी म्हणजे “ह्ये” आणि हाक मारायची तर “आवं”. दाजींना एकेरी ‘हंबीर’ म्हणणारी एकच बाई होती, त्यांची आई. ती म्हातारी गेल्या शिमग्यात वारली होती.

देवळापुढं गाव जमलं. भात कापणीला आलं की वर्षातून एकदा सगळ्या वाडीनं मिळून डुकराच्या पारधीला जायचं, अशी तिथली रीत होती. आता ते सगळं कायद्यानं बंद झालं, तेव्हा कुणी विचारत नव्हतं. रावबा नावाच्या म्हाताऱ्यानं देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाला, “पाव्हणं, तुमी नवीन हायसा म्हणून सांगतो. रानात कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. माणूस असंल तर लागोपाठ तीनदा मारंल. चकवा एकदाच मारतो आन् गप्प बसतो. ओ दिली की संपलं. ती धरून त्यो माणसाला कड्याकडं न्हेतो.”

मला हसू आलं. दाजी माझ्यावर डाफरले, “हसू नकोस. माझा चुलता असाच गेला.”

पारध साधी असते. हाकेवाले एका अंगानं डबे बडवत, ओरडत रान झोडत येतात आणि बंदूकवाले पलीकडं ठरलेल्या जागी दबा धरून बसतात. मला अर्थातच डबा मिळाला. पण माझा जीव त्या डब्यात नव्हता. दुपारच्या गाडीनं अक्काला घेऊन घरी गेलो की ती परत यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि आईच्या डोळ्यांतलं पाणी मला आत्ताच दिसत होतं. दाजींना एकट्याला गाठायला हीच वेळ होती. मी डबा एका करवंदीच्या जाळीत टाकला आणि कुणाला न सांगता ओढा ओलांडून दाजी ज्या बाजूला गेले होते त्या बाजूला चढलो.

दाजी एका खडकाआड बसले होते. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. “हितं कशाला कडमडलास? डुक्कर म्हणून उडवला असता की तुला!”

“बोलायचं हाय.”

“मग बोल. पर हळू.”

“मी अक्काला न्हेली तर ती परत यायची न्हाई, दाजी.”

“ठाव हाय मला.”

“मग तिला ‘थांब’ म्हणा की एकदा.”

दाजींनी समोरच्या झुडपावरची नजर काढली नाही. “मला तसलं येत न्हाई, जोती,” ते म्हणाले, आणि तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. मी पुढं काहीतरी बोलणार तोच झुडूप हललं, त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि बार झाला.

धूर निवला तेव्हा डुक्कर तिथं नव्हतं. पानांवर रक्त होतं. “लागलंय,” दाजी म्हणाले. “जखमी जनावर रानात सोडून यायचं नसतं. उद्या लाकडाला येणाऱ्या बाईला फाडंल.” बंदूक पुन्हा भरून ते रक्ताच्या मागावर निघाले आणि मी त्यांच्या मागून. उतार, ओघळ, पुन्हा चढ. माग बघायच्या नादात वर बघायचं राहिलं, आणि कोकणातून धुकं कधी वर आलं ते आम्हाला कळलंच नाही. आधी लांबची झाडं गेली, मग जवळची, मग दाजींची पाठसुद्धा पुसट दिसायला लागली.

“दाजी, माघारी फिरू या.”

“वाईच थांब. हितंच हाय त्ये.”

ते खरंच तिथंच होतं. डावीकडची जाळी फुटली आणि काळं काहीतरी दाजींच्या अंगावरून गेलं. बार आकाशात उडाला. मी ओरडलो का, काय केलं, काही आठवत नाही. डुक्कर धुक्यात शिरलं ते परत दिसलं नाही. दाजी उताणे पडले होते आणि त्यांच्या मांडीतून रक्त येत होतं, थेंब थेंब नव्हे, चांगलं वाहत होतं.

त्यांनीच डोक्याचा पटका सोडून माझ्याकडं फेकला. “आवळ. आणखी आवळ, दया करू नकोस.” मी गुडघा लावून आवळला. रक्त कमी झालं, थांबलं नाही. बार काढून खूण करावी तर बंदुकीच्या दारूची पिशवी त्या झटापटीत तुटून कुठं ओघळात गेली होती. आम्ही दोघांनी आळीपाळीनं कुकारे घातले. धुक्यात आवाज कापसात टाकल्यासारखे गडप होत होते. हाकेवाल्यांचे डबे केव्हाच थांबले होते.

“चल,” दाजी उठत म्हणाले. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठीसारखी धरलेली बंदूक. “उतार डाव्या हाताला ठेवला की वढा लागंल. वढा धरला की गाव.”

आम्ही उतार डाव्या हाताला ठेवला. ओढा लागला नाही. दाजींचं वजन माझ्यावर वाढत चाललं होतं आणि पटका पुन्हा ओला झाला होता. दर थोड्या वेळानं मी मुद्दाम काहीबाही विचारत होतो, म्हणजे ते उत्तर देतील आणि शुद्धीवर आहेत हे कळेल. असं किती चाललो कोण जाणे. मग पायाखाली चुरगळलेली, रक्तानं माखलेली पानं दिसली. मी पटका आवळला होता ती जागा. आम्ही फिरून तिथंच आलो होतो.

मी रडायच्या बेतात होतो. दाजी मात्र शांतपणे म्हणाले, “चकवा लागला. टोपी उलटी घाल, म्हंजे सुटतो.”

मी उलटी घातली. मला हसू आलं नाही.

आणि तेव्हाच हाक आली.

“हंबीऽऽर!”

बाईचा आवाज होता, फाटलेला, घोगरा. उजवीकडून आला आणि विरून गेला. मी तोंड उघडलं तोच दाजींनी माझा दंड एवढा जोरात धरला की बोटं मांसात रुतली. “गप! ओ देऊ नको.”

आम्ही श्वास धरून थांबलो. दुसरी हाक आली नाही. बऱ्याच वेळानं, भलत्याच बाजूनं, पुन्हा एकदाच आली. “हंबीऽऽर!” की पुन्हा शांत.

“बघ,” दाजी कुजबुजले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “आईचा आवाज काढतोय. माझी आई जेवाय बोलवायची तेव्हा अशीच हाक मारायची.”

“दाजी, गावातलं कुणीतरी असंल.”

“कोण? मला एकेरी हाक मारणारी बाई हाय का कुणी गावात? तूच सांग. हाय?”

मी विचार केला, आणि खरंच कुणी नव्हती. भावजया ‘भावजी’ म्हणत, पोरी ‘मामा’ नाहीतर ‘तात्या’. म्हाताऱ्या बायासुद्धा ‘हंबीरराव’ म्हणत. मी शिकलेला, गणपतीच्या नाटकात काम केलेला माणूस, पण त्या धुक्यात माझ्या अंगावर काटा आला. मेलेल्या बाईचा आवाज आम्हाला बोलावत होता आणि मला ते पटलं होतं.

“हाक येती तिकडं कडा,” दाजी म्हणाले. “उलट्या अंगानं चल.”

आम्ही हाकेकडं पाठ करून निघालो. जितकं भरभर जाता येईल तितकं. मागून आवाज आला की आमचे पाय आणखी उचलायचे. आता दाजी चालत नव्हतेच, मी त्यांना ओढत होतो. उजेड करडा होत चालला होता. अंधार पडायच्या आत गाव गाठलं नाही तर ते सकाळ बघत नाहीत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. अक्काला काय सांगू, एवढंच डोक्यात घोळत होतं. भाऊ समजूत घालायला आला आणि नवरा रानात टाकून गेला.

झाडं विरळ झाली. वारं एकदम तोंडावर आलं आणि मला बरं वाटलं, वाटलं की गावठाणाचा माळ आला. माझ्या पायानं एक धोंडा उडाला. तो दोनदा खडखडला आणि मग त्याचा आवाजच आला नाही.

मी जागच्या जागी थिजलो. दाजींना मागं ढकललं आणि स्वतः खाली बसलो. हात पुढं करून चाचपलं तर गवत होतं, मग खडक, आणि मग हाताला काही लागेना. खालून गार वारं वर येत होतं.

“दाजी,” मी म्हणालो, “कडा हितं हाय.”

मी त्यांचा खांदा धरून हलवला.

“कडा हितं हाय, म्हंजे हाक गावाच्या अंगानं येती. ऐकताय का? चकवा गावाकडं कशाला बोलवंल?”

“जोती, माझी आई...”

“हंबीऽऽर!”

या वेळी मी भीती बाजूला ठेवून ऐकलं. शेवटचं अक्षर लांब ओढलेलं आणि मग कुणी तोंडावर हात ठेवावा तसं मध्येच तोडलेलं. मी लहानपणी उसात खेळायला पळून जायचो तेव्हा बांधावर उभं राहून मला अशीच हाक मारणारं एक माणूस होतं.

“अक्का हाय ती!”

“येडा हायस,” दाजी म्हणाले. डोळे मिटले होते, पण माझा दंड त्यांनी सोडला नव्हता. “तुझी अक्का जीव गेला तरी नाव घ्यायची न्हाई. आन् आज तर ती... आज तर ती चाललीया. ओ देऊ नको, जोती. माझं ऐक.” आणि मी छातीत श्वास भरतोय हे कळताच त्यांनी दुसऱ्या हातानं माझं तोंड दाबलं. अंगात रक्त उरलं नव्हतं, पण पंजा शिकाऱ्याचा होता.

मग मी काय करावं? त्यांच्या हाताला चावलो. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, जखमी माणसाला, कचकन चावलो. हात सुटला आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “ओऽऽऽ! अक्काऽऽऽ! हितं हाओऽऽत!”

क्षणभर काहीच नाही. त्या क्षणभरात माझी खात्री पुन्हा डळमळली. दाजींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ते देवाचं नाव घेत होते.

मग धुक्यातून आलं, “जोत्या? तू कुठनं आलास रं तिथं?”

चकवा असलं काही विचारत नाही.

दाजींनी डोळे उघडले. “तीच हाय,” ते म्हणाले. मग माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच तो आवाज काढला होता. “तिनं माझं नाव घेतलं?”

पुढची हाक अजून धुक्यातच होती तेव्हा दाजींनी मान वर केली आणि स्वतःहून ओ दिली. बारीक आवाज आला, पण दिली.

आवाजावर आवाज देत ती आली. हातात विळा, लुगड्याचा काष्टा मारलेला, पायांत काटे. तिच्या मागून रावबा आणि पुरुषमाणसं कंदील घेऊन आली. पारध गावात परतली, दाजी परतले नाहीत. माझा डबा सापडला होता, तेव्हा पाव्हणा रुसून मधल्या वाटेनं फाट्यावर गेला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पुरुष अजून “धुकं निवळू दे” म्हणत होते तोवर ती एकटीच रानात शिरली होती, आणि मग लाजेखातर सगळे तिच्यामागून धावले. तिनं आधी “आवं” म्हणून हाका मारल्या म्हणे. ‘आवं’ म्हटल्यावर मागचे चार नवरे ओ द्यायला लागले, तेव्हा तिचा नाइलाज झाला.

दाजींकडं तिनं एकदाच बघितलं, मांडीकडं. मग स्वतःच्या पदराची पट्टी फाडून पटक्यावरून पुन्हा बांधली.

दाजी म्हणाले, “तू माझं नाव घेतलंस.”

“मी कशाला घेऊ?” अक्का म्हणाली. तिचा आवाज बसला होता, नुसती फुसफुस बाहेर पडत होती. “चकवा असंल.”

दाजींनी रावबाकडं बघितलं. रावबानं कंदिलाची वात खालीवर केली. “आमी काय ऐकलं न्हाई बाबा,” तो म्हणाला. “काय रं, ऐकलं का कुणी?” कुणीच ऐकलं नव्हतं.

घोंगड्याची झोळी करून दाजींना गावात नेलं आणि तिथून ट्रॅक्टरनं तालुक्याला. निघताना अक्कानं ते बोचकं सोडलं, त्यातली दोन जुनी लुगडी पट्ट्यांसाठी काढली आणि बाकीचं तसंच ओसरीवर पसरून टाकून ट्रॅक्टरमध्ये चढली. मी दुसऱ्या दिवशी एकटाच घरी गेलो. पुढं दाजी कायमचे लंगडत चालले. बंदूक त्या वर्षी ठाण्यात जमा झाली आणि तिची गोष्ट घरात कुणी काढली नाही. दाजी मात्र मी गेलो की दर वेळी अक्काला ऐकू जाईल असं विचारायचे, “जोती, त्या दिवशी चकवा काय म्हणाला रं?” आतून भांडं आदळायचं आणि दाजी खूश व्हायचे.

गेल्या वर्षी दाजींच्या मेंदूत रक्त साकळलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात ते डोळे मिटून पडून होते. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, हाका मारा, कधी कधी ऐकू जातं. पोरांनी “आबा, आबा” करून बघितलं. सुनांनी हाका मारल्या. मी कानाशी तोंड नेऊन “दाजी, मी जोती” म्हणालो. पापणीसुद्धा हलली नाही. अक्का पायाशी स्टुलावर बसून हे सगळं बघत होती. मग ती उठली. पोरं, सुना, नातवंडं, नर्स, सगळे तिथंच उभे होते. तिनं कुणालाही बाहेर जायला सांगितलं नाही. खाटेचा गज धरून ती वाकली आणि सासूनं जेवायला बोलवावं तशी, शेवटचं अक्षर ओढून, तिनं हाक मारली.

“हंबीऽऽर!”

दाजींनी डोळे उघडले नाहीत. पण ओठ हलले, आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पहिल्याच हाकेला त्यांनी ओ दिली.